आयर्लंडची सीबीएस शाळा: इमारत ट्रस्टची, पगार सरकारचा, परीक्षा तिसऱ्याची

डब्लिनच्या उत्तर भागात, क्रोक पार्क या अवाढव्य मैदानाजवळ नॉर्थ रिचमंड स्ट्रीट नावाचा एक छोटा, पुढे बंद होणारा रस्ता आहे. तिथे ओकॉनेल स्कूल उभी आहे. तिची पायाभरणी ९ जून १८२८ रोजी डॅनिअल ओकॉनेल या कॅथलिक पुढाऱ्याच्या हस्ते झाली. कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसायचा हक्क मिळायला तेव्हा अजून दहा महिने बाकी होते. ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघाने डब्लिनमध्ये काढलेल्या आणि आजही चालू असलेल्या शाळांपैकी ही सर्वांत जुनी. लेखक जेम्स जॉइसचं कुटुंब काही काळ याच रस्त्यावर राहत होतं आणि तो थोडे दिवस या शाळेत गेलाही होता. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर ज्यांना गोळ्या घालून मारलं, त्यांतले एमन केंट, कॉन कॉलबर्ट आणि शॉन ह्यूस्टन हे तिघे इथले विद्यार्थी. जॉन कॉस्टेलो आणि शॉन लेमास हे पुढे पंतप्रधान झालेले दोघेही इथलेच.

आयर्लंडच्या बहुतेक मोठ्या गावांत अशी एक 'सीबीएस', म्हणजे ख्रिश्चन ब्रदर्स स्कूल, असते. नोकरीनिमित्त डब्लिन, कॉर्क, लिमरिकला गेलेल्या मराठी घरांतल्या मुलांचे प्रवेशही या शाळांत होतात. पण शाळा सरकारी की खासगी, फी लागते की नाही, ब्रदर्स अजून शिकवतात का, तक्रार करायची तर कोणाकडे, यावर पालकांचा हमखास गोंधळ उडतो. तिथली व्यवस्था एखाद्या आराखड्यातून आलेली नाही. ती दोनशे वर्षांच्या तडजोडींतून साचत गेली आहे, म्हणून आधी थोडा इतिहास पाहावा लागतो.

ढोबळ कल्पना हवी असेल तर आपल्याकडची खासगी अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा: संस्था वेगळी, पगार शासनाचा, दहावी-बारावी बोर्डाची. आयर्लंडची 'व्हॉलंटरी सेकंडरी' शाळा जवळपास तशीच आहे. इमारत आणि जागा ट्रस्टची किंवा धर्मसंघाची. शिक्षकांचा पगार थेट शिक्षण खात्याकडून. अभ्यासक्रम राष्ट्रीय, आणि शेवटची परीक्षा स्टेट एक्झामिनेशन्स कमिशनची. हे कमिशन २००३ मध्ये वेगळं झालं, त्याआधी परीक्षा शिक्षण खातंच घेत असे.

तबेल्यातून सुरुवात

१६९५ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी झाली. लोकांनी त्यावर मार्ग काढला. कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, झोपडीत गावचा मास्तर शिकवू लागला. फी कधी पैशात मिळे, कधी इंधनाला लागणाऱ्या पीटच्या रूपात. १७८२ मध्ये बंदी सैल झाली, पण शाळेला अँग्लिकन बिशपचा परवाना लागायचा. १७९२ मध्ये ती अटही गेली.

एडमंड राइस हा वॉटरफर्डचा व्यापारी. जहाजांना खाण्यापिण्याचा माल पुरवण्याच्या धंद्यात त्याने चांगला पैसा कमावला होता. बायको १७८९ मध्ये वारली, पदरी एक अपंग मुलगी. १८०२ मध्ये त्याने न्यू स्ट्रीटवरच्या एका तबेल्यात बंदरातल्या गरीब मुलांसाठी मोफत वर्ग सुरू केले. लवकरच 'माउंट सायन' नावाची पक्की शाळा उभी राहिली आणि तिथे वर्गखोल्यांसोबत भटारखाना आणि शिंप्याचं दुकानही होतं. उपाशी, उघडी मुलं वर्गात टिकत नाहीत, हा हिशेब व्यापाऱ्याच्या डोक्यातला.

राइसच्या भोवती जमलेल्या माणसांचा धर्मसंघ झाला आणि १८२० मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. हे ब्रदर्स पाद्री नव्हेत. आजन्म ब्रह्मचर्य आणि गरिबीची शपथ घेतलेले शिक्षक म्हणजे ब्रदर्स. त्यांना वेगळा पगार नव्हता, त्यामुळे शाळा नाममात्र फीवर चालत. या एका गोष्टीवर पुढची दीडशे वर्षं उभी राहिली, आणि ब्रदर्सची संख्या घटल्यावर शाळांची घडी विस्कटली तीही याच कारणाने.

१८३१ मध्ये सरकारने सर्व धर्मांच्या मुलांसाठी राष्ट्रीय प्राथमिक शाळा काढल्या. ब्रदर्सनी थोडा काळ त्यात भाग घेतला आणि १८३६ मध्ये अंग काढून घेतलं. सरकारी नियमाने धर्मशिक्षण ठरावीक वेळेपुरतंच देता येई आणि एरवी धार्मिक चिन्हं झाकावी लागत. ब्रदर्सना ते मान्य नव्हतं. त्यांनी अनुदान सोडलं आणि स्वतःची क्रमिक पुस्तकं छापली. या पुस्तकांत आयरिश इतिहास होता, सरकारी पुस्तकांत तो जवळपास नव्हताच. १९१६ च्या उठावात सीबीएसचे इतके माजी विद्यार्थी का होते, याचं एक कारण इथे सापडतं. उठावाच्या पुढाऱ्यांपैकी पॅट्रिक पिअर्स वेस्टलँड रोच्या सीबीएसमधला, तर एमन डी व्हॅलेरा शार्लव्हिलच्या.

निकालावर पैसे

माध्यमिक शाळेला आजचं वळण लागलं ते १८७८ च्या इंटरमिजिएट एज्युकेशन कायद्याने. लंडनच्या सरकारपुढे पेच होता. कॅथलिक शाळांना थेट पैसे दिले तर प्रॉटेस्टंट मतदार चिडणार, न दिले तर आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण वाढणार नाही. तोडगा असा निघाला की शाळेला काहीच द्यायचं नाही, द्यायचं ते मुलाच्या निकालाला. चर्च ऑफ आयर्लंड या अँग्लिकन चर्चचा सरकारी दर्जा काढून घेतल्यावर जो निधी हाती आला, त्यातले १० लाख पौंड बाजूला ठेवले. त्याच्या व्याजातून एक परीक्षा मंडळ चालवलं. मुलगा पास झाला की शाळेच्या व्यवस्थापकाला ठरावीक रक्कम, आणि चमकला तर मुलाला रोख बक्षीस. परीक्षा मुलींनाही खुली होती, ही त्या काळात मोठी गोष्ट.

परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या विषयाला जास्त गुण, त्याला जास्त तास. ग्रीक, लॅटिन, इंग्रजी आणि गणित वर, आयरिश भाषा खाली. हुशार मुलांना वेगळं बसवून घोकून घ्यायचं, बाकीच्यांकडे कमी लक्ष. गरिबांच्या सीबीएस शाळांनी या परीक्षांत जुन्या प्रतिष्ठित शाळांना घाम फोडला आणि कारकुनाच्या, मुलकी सेवेच्या नोकऱ्यांचा रस्ता कष्टकरी घरांना मोकळा झाला. पिअर्ससारखे टीकाकार याच यंत्रावर तुटून पडले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आजच्या लीव्हिंग सर्टमागे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेमागे, जी गुणांची धावपळ दिसते, तिची मुळं नव्या कॉलेज-स्पर्धेत नाहीत, या कायद्यात आहेत.

स्वतंत्र आयर्लंडने १९२४ मध्ये निकालावरची रक्कम बंद करून विद्यार्थिसंख्येवर अनुदान सुरू केलं. इंटरमिजिएट आणि लीव्हिंग अशी दोन सर्टिफिकेटं आली. आयरिश भाषा आता सक्तीची झाली: १९३४ पासून तिच्यात नापास झालेल्याला लीव्हिंग सर्टच मिळत नसे. ही अट १९७३ पर्यंत टिकली. शाळेच्या मालकीला मात्र नव्या सरकारनेही हात लावला नाही.

१९६६ चं शनिवारचं भाषण

१० सप्टेंबर १९६६. शिक्षणमंत्री डोना ओमॅली यांनी पत्रकारांच्या एका कार्यक्रमात सांगून टाकलं की माध्यमिक शिक्षण फुकट होणार. मंत्रिमंडळाची मंजुरी नव्हती, अर्थखात्याला पत्ता नव्हता. दरवर्षी सुमारे १७,००० मुलं प्राथमिकनंतर शिक्षणाबाहेर पडतात, म्हणजे जवळपास तीनातलं एक, असं त्यांनी भाषणात सांगितलं. अर्थखातं खवळलं, पण घोषणा लोकांत गेली होती आणि परत घेणं शक्य नव्हतं. तेव्हाचे पंतप्रधान होते शॉन लेमास, नॉर्थ रिचमंड स्ट्रीटच्या सीबीएसचा विद्यार्थी, टोप्यांच्या दुकानदाराचा मुलगा. त्यांची मूक संमती होती असंच इतिहासकार मानतात.

योजना सप्टेंबर १९६७ पासून लागू झाली. फी सोडणाऱ्या शाळेला दर विद्यार्थ्यामागे पूरक अनुदान, आणि लांबच्या मुलांसाठी मोफत बस. सीबीएसची फी मुळातच किरकोळ होती, त्यामुळे त्या लगेच सामील झाल्या. ब्लॅकरॉक, बेल्व्हेडिअर यांसारख्या काही शाळा बाहेर राहिल्या. आजही पन्नासच्या आसपास शाळा फी घेतात, आणि गंमत म्हणजे त्यांच्या बहुतेक शिक्षकांचा पगारही सरकारच देतं. यावर तिथे दर काही वर्षांनी वाद पेटतो आणि विझतो.

बसमुळे खेड्यातली मुलं शहरातल्या सीबीएसमध्ये आली, वर्ग फुगले, ब्रदर्स कमी पडू लागले आणि पगारी शिक्षक आले. एकदोन पिढ्यांत शिक्षकवर्ग पूर्ण बदलला. आज सीबीएसमध्ये शिकवणारा ब्रदर शोधून सापडायचा नाही.

चामड्याचा पट्टा आणि नंतरचा हिशेब

या शाळांची दुसरी बाजू वगळून इतिहास सांगता येत नाही. ब्रदर्सच्या झग्याच्या खिशात 'लेदर' असे. चामड्याचे थर शिवून केलेला हा पट्टा हातावर बसायचा. शाळेतली शारीरिक शिक्षा १ फेब्रुवारी १९८२ पासून सरकारी नियमाने बंद झाली. तो फौजदारी गुन्हा ठरायला मात्र १९९७ साल उजाडावं लागलं.

लैंगिक अत्याचारांचं प्रकरण त्याहून गंभीर. २००९ च्या रायन अहवालाने प्रामुख्याने मुलांना डांबून ठेवणाऱ्या 'इंडस्ट्रियल स्कूल्स'चा हिशेब मांडला, त्यांत ब्रदर्सची आर्टेन संस्था होती. नेहमीच्या शाळांवर सरकारी अहवाल आला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. वेगवेगळ्या धर्मसंघांच्या स्वतःच्याच नोंदींत ३०८ शाळांमधले २,३९५ आरोप आणि ८८४ आरोपी निघाले. त्यानंतर सरकारने वैधानिक चौकशी आयोग नेमण्याचा निर्णय जाहीर केला. आजच्या शाळेत बालसंरक्षणाचं लेखी धोरण, नेमलेला जबाबदार शिक्षक आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी सक्तीची आहे, ती या पार्श्वभूमीवर. मुलासंबंधी अशी कुठलीही शंका असेल तर शाळेच्या 'डेझिग्नेटेड लायझन पर्सन'कडे जायचं. हे नाव शाळेत दर्शनी जागी लावलेलं असतं. शाळेकडे जायचं नसेल तर बाल व कुटुंब यंत्रणा 'टुस्ला'कडे थेटही जाता येतं.

आता शाळा कोणाची?

२००८ मध्ये ब्रदर्सनी आपल्या नव्वदहून अधिक शाळा एडमंड राइस स्कूल्स ट्रस्ट या संस्थेकडे सोपवल्या. ही ट्रस्ट सामान्य नागरिक चालवतात, पण शाळांचा कॅथलिक वारसा जपणं तिच्या उद्दिष्टांत आहे. (ब्रदर्स भारतातही आले. गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीची रेजिना मुंडी शाळा याच संघाची.)

रोजचा कारभार बोर्ड ऑफ मॅनेजमेंटकडे असतो. त्यात आठ जण: चार ट्रस्टने सुचवलेले, दोन पालकांनी निवडलेले, दोन शिक्षकांनी निवडलेले. मुख्याध्यापक सचिव म्हणून बसतो, त्याला मत नसतं. पालकांच्या दोन जागांसाठी कुणी उभंच राहत नाही, ही तिथली जुनी तक्रार. परदेशातून आलेल्या पालकालाही उभं राहता येतं.

तक्रारीचा क्रम सांभाळायला हवा. आधी विषयशिक्षक किंवा 'क्लास ट्यूटर', मग त्या इयत्तेचा 'इयर हेड', मग उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक आणि शेवटी लेखी अर्ज बोर्डाच्या अध्यक्षाला. थेट मंत्रालयाला ईमेल केला तर खातं नम्रपणे परत शाळेकडेच पाठवतं, कारण शिक्षकाचा नियोक्ता खातं नसून बोर्ड आहे.

पैशाचं गणित असं: शिक्षकांचे पगार खात्याकडून, वीज, हीटिंग, सफाई, विमा यांसाठी दर विद्यार्थ्यामागे अनुदान. ते पुरत नाही, म्हणून शाळा 'व्हॉलंटरी कॉन्ट्रिब्युशन' मागते. हे पैसे ऐच्छिक आहेत. न दिल्याने मुलाचा प्रवेश, लॉकर किंवा विषय अडवता येत नाही. मात्र फोटोकॉपी, लॉकर, सहली असे खर्च त्यात मिसळून एकच आकडा पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. अशा वेळी यातलं सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय, हे लेखी विचारावं. क्रमिक पुस्तकं ज्युनिअर सायकलला (पहिली तीन वर्षं) २०२४ पासून आणि सीनिअरला (त्यापुढची वर्षं) २०२५ पासून, फी न घेणाऱ्या शाळांत मोफत आहेत.

सहा वर्षं कशी जातात

मुलगा १२-१३ वर्षांचा असताना 'फर्स्ट इयर'ला येतो. पहिली तीन वर्षं ज्युनिअर सायकल, मग ऐच्छिक 'ट्रान्झिशन इयर', मग दोन वर्षं लीव्हिंग सर्ट. शाळेचे दिवस किमान १६७ आणि आठवड्याला शिकवण्याचे तास २८. वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. परीक्षा जूनच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीनंतरच्या बुधवारी लागतात. तो आठवडा आला की हमखास कडक ऊन पडतं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे.

ज्युनिअर सायकलला विषय आठ ते दहा. उच्च आणि साधारण असे दोन स्तर फक्त इंग्रजी, आयरिश आणि गणिताला. बाकी सगळ्यांना एकच पेपर. वर्गातही मूल्यमापन होतं, पण ते वेगळं नोंदलं जातं. आपल्या दहावीइतकं या निकालाचं ओझं नसतं, कॉलेज प्रवेशात तो मोजतच नाहीत.

ट्रान्झिशन इयर हा प्रकार भारतीय पालकांच्या पचनी पडत नाही. १९७४ मध्ये शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांनी तीन शाळांत प्रयोग म्हणून तो सुरू केला आणि १९९४ पासून सर्वत्र पसरला. वर्षभर सरकारी परीक्षा नाही. कामाचा अनुभव, छोटी कंपनी काढणं, संगीत नाटक, प्रथमोपचार, समाजकार्य, विज्ञान प्रकल्प. 'एक वर्ष वाया' म्हणून पालक ते टाळतात. टाळण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मूल वयाने लहान असेल तर लीव्हिंग सर्टच्या वर्षी एक वर्षाची परिपक्वता खरोखर कामी येते. दुसरी, नुकतंच भारतातून आलेलं मूल असेल तर इंग्रजी उच्चार, प्रकल्प लिहिण्याची रीत आणि मित्र हे तिन्ही या वर्षी जमतात. उलट बाजूही आहे: काही शाळांत हे वर्ष सैल चालतं, आणि सहलींसह खर्च शेकडो युरोंत जातो. गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागून घ्यावं. त्यात आठवड्याला किती तास गणित आणि भाषा आहेत, हे पाहिलं की कळतं.

याच वयोगटातली मुलं 'यंग सायंटिस्ट' या १९६५ पासून चाललेल्या राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत उतरतात. डब्लिनच्या सिंज स्ट्रीट सीबीएसचा तिथे दबदबा आहे. ही शाळा १८६४ मधली, आणि गेल्या काही दशकांत देशोदेशींच्या स्थलांतरितांची मुलं तिथे शिकली. २०२२ चं पहिलं पारितोषिक तिथल्या भारतीय नावांच्या दोन पंधरा वर्षांच्या मुलांनी मिळवलं. विषय होता त्रिकोणाचे एकमेकांना लंब असलेल्या दोन रेषांनी चार समान भाग करण्याचा बर्नूलीचा जुना प्रश्न.

सीबीएसची जुनी ओळख मैदानावरची. हर्लिंग (काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल हे ब्रदर्सनी जोपासलेले खेळ. मन्स्टर प्रांतातली हर्लिंगची हार्टी कप स्पर्धा जिंकणं कॉर्कच्या नॉर्थ मॉनेस्टरी किंवा लिमरिक सीबीएससाठी बोर्डाच्या निकालाइतकं मोठं. पंतप्रधान झालेला जॅक लिंच नॉर्थ मॉनेस्टरीचाच, आणि देशाला तो आधी हर्लिंगपटू म्हणून ठाऊक होता. मुलाला खेळता येत नसेल तरी पहिल्या वर्षी सरावाला पाठवावं. हेल्मेट सक्तीचं असतं, आणि मैत्र्या तिथेच जुळतात.

लीव्हिंग सर्टचे गुण: नेमकं गणित

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून सावकाश घेऊ.

मुलं साधारण सात विषय घेतात, मोजले जातात चांगले सहा. प्रत्येक विषय उच्च (एच) किंवा साधारण (ओ) स्तरावर देता येतो. टक्क्यांवरून श्रेणी, श्रेणीवरून पॉइंट. उच्च स्तरावर ९० च्या वर एच१ म्हणजे १०० पॉइंट, मग दर दहा टक्क्यांना एक पायरी खाली: एच२ ला ८८, एच३ ला ७७, एच४ ला ६६, एच५ ला ५६, एच६ ला ४६, एच७ ला ३७ आणि ३० टक्क्यांखाली शून्य. साधारण स्तरावर ओ१ ला ५६, ओ२ ला ४६, ओ३ ला ३७, ओ४ ला २८, ओ५ ला २०, ओ६ ला १२. म्हणजे साधारण स्तरावरचे ९० टक्के आणि उच्च स्तरावरचे ५० टक्के यांची किंमत सारखीच.

उच्च स्तराच्या गणिताला एच६ किंवा वर मिळाल्यास २५ पॉइंट जादा. त्यामुळे जास्तीत जास्त बेरीज ६२५.

उदाहरण घ्या. जीवशास्त्र एच२ (८८), बिझनेस एच२ (८८), इंग्रजी एच३ (७७), भूगोल एच३ (७७), फ्रेंच एच४ (६६), गणित एच४ (६६ अधिक २५, म्हणजे ९१), आयरिश ओ२ (४६). आयरिश गळतं, बेरीज ४८७. आता याच मुलाला गणितात ३९ टक्के पडले तर एच७: ३७ पॉइंट आणि जादाचे २५ गायब. मग गणितच गळतं, आयरिशचे ४६ आत येतात, बेरीज ४४२. तोच मुलगा साधारण स्तराला बसून ओ१ मिळवता तर ४५२. म्हणजे गणितात ४० टक्क्यांची रेषा सर्वांत महागडी आहे. भारतातून आलेली मुलं गणितात सहसा पुढे असतात, पण तिथला पेपर लांब शाब्दिक प्रश्नांचा असतो आणि पायऱ्यांना गुण मिळतात. नुसतं उत्तर लिहिण्याची सवय इथे अंगाशी येते. स्तर शेवटपर्यंत बदलता येतो. फेब्रुवारीतल्या सराव परीक्षेत, म्हणजे 'मॉक्स'मध्ये, मूल चाळिशीच्या आसपास घुटमळत असेल तर शिक्षकाशी बसून ठरवावं.

जुन्या पद्धतीत सगळा भार जूनच्या पेपरांवर. आता ते बदलतं आहे. २०२५ मध्ये पाचव्या वर्षात आलेल्या मुलांपासून जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि बिझनेस या विषयांत किमान ४० टक्के गुण प्रकल्पासारख्या कामाला आहेत. त्यामुळे मोठ्या भावाबहिणीच्या नोट्सवर विसंबू नये.

कॉलेज प्रवेश सीएओ या केंद्रीय संस्थेतून होतो. नेहमीची मुदत १ फेब्रुवारी, संध्याकाळी ५. दोन याद्या असतात, प्रत्येकीत दहा पसंती. क्रम १ जुलैपर्यंत बदलता येतो. पालक एक चूक नेमाने करतात: 'इतके पॉइंट पडतील' असा अंदाज बांधून क्रम लावतात. क्रम खऱ्या आवडीचाच लावायचा. वरचा कोर्स मिळाला की खालचे आपोआप बाद होतात, आणि ते पुन्हा मागता येत नाहीत.

आयरिश भाषेचं काय?

आयरिश प्रत्येकाला शिकावी लागते. शिक्षण परदेशात झालेलं आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झाल्यावर आलेलं मूल साधारणपणे सूट मागू शकतं. अर्ज मुख्याध्यापकाकडे, जुन्या शाळांच्या दाखल्यांसह. सूट आपोआप लागत नाही. आणि शाळेची सूट म्हणजे विद्यापीठाची सूट नव्हे. यूसीडी (युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन), गॉलवे, कॉर्क, मेनूथ ही नॅशनल युनिव्हर्सिटीची विद्यापीठं प्रवेशासाठी आयरिश मागतात आणि त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. काही कोर्सना इंग्रजी-आयरिशखेरीज तिसरी भाषाही लागते. मराठी किंवा हिंदी लीव्हिंग सर्टला घेता येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश सोडून लाकूडकाम निवडताना हे माहीत असलेलं बरं.

दहा वर्षांचं मूल आलं तर सूट विसरावी आणि भाषा मनापासून शिकवावी. लीव्हिंगच्या आयरिशमध्ये ४० टक्के गुण तोंडी परीक्षेला आहेत. घरी दोनतीन भाषा बोलणारी आपली मुलं तिथे चांगली चालतात.

प्रवेश आणि गैरहजेरी

२०१८ च्या प्रवेश कायद्याने जुन्या रीतींना चाप लावला. फी न घेणाऱ्या शाळेला प्रवेश अर्जासाठी पैसे घेता येत नाहीत. जागा असेल तर कोणालाही नाकारता येत नाही. अर्जांची संख्या जागांहून जास्त झाली तर आधी जाहीर केलेल्या निकषांनीच निवड होते: भाऊ शाळेत आहे का, ठरावीक प्राथमिक शाळेतून आला का, परिसरात राहतो का, आणि शेवटी सोडत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना २५ टक्क्यांहून जास्त जागा ठेवता येत नाहीत.

पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज आधीच्या १ ऑक्टोबरच्या आधी स्वीकारता येत नाहीत. मुलगा सहावीत, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात गेला की सप्टेंबरमध्येच आसपासच्या प्रत्येक शाळेची 'ॲडमिशन नोटीस' वाचून तारखा टिपाव्यात. मुदत एका दिवसाने चुकली तरी अर्ज 'उशिरा' या गटात सगळ्यांच्या मागे जातो, आणि मुलगा कितीही हुशार असला तरी फरक पडत नाही, कारण निवडीत गुण बघायचेच नसतात. एकाहून अधिक शाळांत अर्ज करावेत आणि ऑफर आल्यावर ठरलेल्या दिवसांत लेखी होकार द्यावा. जागा भरल्या म्हणून नकार आला तर आधी बोर्डाकडे फेरविचार मागायचा, मग शिक्षण खात्याकडे १९९८ च्या शिक्षण कायद्याच्या कलम २९ खाली अपील. शाळेने स्वतःचे निकष नीट लावले नाहीत असं दाखवता आलं, तरच ते टिकतं.

राहिली सुट्टी. डिसेंबरात स्वस्त तिकीट मिळालं म्हणून पाच-सहा आठवडे भारतात जाणारी कुटुंबं दरवर्षी अडचणीत येतात. वर्षभरात मिळून २० दिवस गैरहजेरी झाली की शाळेला टुस्लाला कळवावंच लागतं. कारण खरं असलं तरी कळवणं टळत नाही, फक्त पुढची चौकशी हलकी होते. आजारपण, लग्न, आजोबांचं निधन, जे असेल ते त्या त्या दिवशी शाळेच्या ॲपवर किंवा 'जर्नल' नावाच्या वहीत लिहून द्यावं. शाळा डिसेंबरात नाताळची साधारण दोन आठवडे सुट्टी देते. तिकीट काढताना ते दिवस धरून आधी शाळेच्या वेबसाइटवरचं वेळापत्रक उघडावं, आणि मूल तिसऱ्या किंवा सहाव्या वर्षात असेल तर फेब्रुवारीच्या मॉक्सच्या तारखाही बघून घ्याव्यात.